हिरोशिमा की नागासाकी? एकच जमणार असेल तर

जपानच्या सहलीत टोकियो, क्योटो, ओसाका पक्कं झालं की पुढचा प्रश्न येतोच: हिरोशिमा तर बघायचंच, पण नागासाकीपर्यंत जायचं का? दोन्ही जमत असेल तर दोन्ही करा. ज्यांना एकच निवडायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सोयीत हिरोशिमा पुढे. ओसाकाहून शिंकान्सेनने साधारण दीड तास, स्टेशनाबाहेरून ट्राम थेट गेन्बाकू डोमपाशी (अणुबॉम्बनंतर उभा राहिलेला इमारतीचा सांगाडा), आणि वास्तुविशारद केन्झो टांगे यांनी आखलेलं स्मृतिउद्यान सपाट नि सलग. बरोबर आई-वडील असतील तर हा मुद्दा किरकोळ नाही. शिवाय डोमच्या तोडीचं नागासाकीत काही उरलेलंच नाही. उराकामी चर्चचे भग्नावशेष तिथे 1958 साली पाडून नवं चर्च बांधलं. जुन्या भिंतीचा एक तुकडा तेवढा हलवून जपलाय. नदीकाठी उभं राहून डोमचा तो सांगाडा बघताना कुणी काही समजावून सांगावं लागत नाही.

तरी माझा कौल नागासाकीकडे झुकतो, आणि त्याचं कारण गर्दी. हिरोशिमाच्या संग्रहालयात आता वर्षाला 20 लाखांवर माणसं येतात. यात दोष संग्रहालयाचा नाही. इतके लोक हे बघायला येतात हे चांगलंच आहे. पण मुख्य इमारतीतली दालनं अंधारी, वस्तू लहान आणि काचेपुढे माणसांची भिंत. तिथे 13 वर्षांच्या एका मुलाचा जेवणाचा डबा आहे. आग पसरू नये म्हणून घरं पाडून मोकळे पट्टे करायचं काम चालू होतं, त्यावर हजारो शाळकरी मुलं लावली होती; त्यांतलाच हा एक. आईला त्याचा देह सापडला तेव्हा डबा त्याच्यापाशीच होता, आतलं अन्न जळून कोळसा झालेलं. मी तो दोन अनोळखी खांद्यांच्या फटीतून पाहिला आणि मागून रेटा आला तसा पुढे सरकलो. तीन वर्षांच्या मुलाच्या तीनचाकी सायकलीपाशीही तेच. जिथे थांबायला म्हणून एवढ्या लांब आलो, तिथेच थांबता येईना, हे मला फार लागलं.

नागासाकीच्या संग्रहालयातही एक डबा आहे, 14 वर्षांच्या मुलीचा. त्यातला भात जळून काळं ढेकूळ झालाय. मी गेलो तेव्हा त्या काचेपुढे दुसरं कुणी नव्हतं. पुरेसा वेळ उभा राहिलो, पुढे गेलो, स्फोटाच्या क्षणी 11:02 ला थांबलेलं घड्याळ बघून पुन्हा त्या डब्यापाशी आलो. हिरोशिमात असं मागे फिरणं मला शक्य झालं नसतं.

दुसरं म्हणजे स्फोटाची जागा. हिरोशिमात ती एका गल्लीत आहे, दवाखान्याबाहेरच्या लहानशा फलकापुरती. नागासाकीत तिथे काळा दगडी स्तंभ आहे. त्याच्या वर सुमारे 500 मीटरवर बॉम्ब फुटला. जवळच पायऱ्या उतरून ओढ्याकाठी गेलात तर काचेमागे 1945 चा जमिनीचा थर दिसतो: कौलांचे तुकडे, विटा, वितळलेली काच. तिथून 800 मीटरवर सान्नो देवस्थानाची दगडी तोरी, म्हणजे प्रवेशकमान, एकाच खांबावर उभी आहे, आणि होरपळलेली कापराची झाडं पुन्हा पालवून आज भरगच्च सावली देताहेत. शांतता उद्यानातला प्रचंड पुतळा मात्र मला भिडला नाही. तो माझ्या आवडीचा भाग.

नागासाकीचा तोटा अंतराचा. फुकुओकातल्या हाकाता स्टेशनाहून दीड तासाच्या आसपास लागतो, मध्ये ताकेओ-ओन्सेनला गाडी बदलावी लागते, आणि शहर चढउतारांचं. एक मुक्काम काढता येत नसेल तर तो हट्ट करू नये असं मला वाटतं. मग हिरोशिमाच करा, पण जवळच्या मियाजिमा बेटाला जोडून अर्ध्या दिवसात उरकू नका. संग्रहालयाच्या सकाळच्या पहिल्या किंवा संध्याकाळच्या शेवटच्या तासासाठी ऑनलाइन वेळ राखता येते. ती आधीच घेऊन ठेवा.

मुक्काम जमत असेल तर नागासाकीत सकाळी आधी संग्रहालय, मग स्तंभ, आणि चालवत असेल तर सान्नोपर्यंत पायीच जा. परतीच्या ट्रामची वेळ बघून ठेवायची गरज नाही, त्या सारख्या असतात.