पाणथरी काढली: लस की रोजची गोळी?

अपघातात प्लीहा, म्हणजे रक्तातले जिवाणू गाळणारी पोटातली पाणथरी, काढावी लागली किंवा सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराने ती लहानपणीच निकामी केली, की न्यूमोकोकससारखे कवचवाले जिवाणू काही तासांत जिवावर उठू शकतात.

लस घ्यायची ती शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर किमान 2 आठवडे आधी. तातडीची झाली तर साधारण 2 आठवड्यांनी. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब या तीन जिवाणूंच्या लसी, शिवाय दरवर्षी फ्लूची. खिशाला चाट बसते, पण रोजची आठवण ठेवायला नको. उणीव एकच, पण मोठी: न्यूमोकोकसचे 90 हून जास्त प्रकार, आणि मोठ्यांची जुनी लस त्यातल्या 23 वरच चालते.

पेनिसिलिनची गोळी सकाळ-संध्याकाळ, आणि स्वस्त. सिकलसेलच्या लहान मुलांवरच्या 1986 च्या अमेरिकी चाचणीत न्यूमोकोकसचा संसर्ग 84 टक्क्यांनी घटला. पण ताप नाही, दुखणं नाही, मग गोळी कशाला? सहा महिन्यांत डबी फ्रिजवर धूळ खात पडते.

माझ्या मते पाच वर्षांखालच्या मुलाला दोन्ही हवंच. मोठ्यांना आधी लस. गोळी किती वर्षं, ते डॉक्टर सांगतील. दोन्ही घेऊनही थंडी वाजून ताप आला, तर ‘सकाळी बघू’ नाही, रात्रीच दवाखाना गाठायचा.