बासमध्ये फिल्टर प्रीॲम्प बसवून आठ महिने झाले

माझ्या चार तारांच्या बास गिटारमध्ये आधी साधंच सर्किट होतं: दोन सिंगल कॉइल पिकअप (तारेचं कंपन पकडणारी चुंबकं), दोन व्हॉल्यूम, एक टोन. आठ महिन्यांपूर्वी ते काढून फिल्टर प्रीॲम्प बसवला, म्हणजे ॲम्पकडे जाण्याआधी बासमध्येच आवाज घडवणारं बॅटरीवरचं सर्किट. प्रत्येक पिकअपला स्वतंत्र लो-पास फिल्टर (ठरावीक जागेच्या वरचा आवाज गाळणारा) आणि पीक (गाळण्याच्या जागेपाशीच आवाज उचलणारा उंचवटा) चालू-बंद करायचा छोटा स्विच. कल्पना जुनी आहे, अलेंबिक आणि वॉल या कंपन्यांच्या बासांचा आवाज अशाच फिल्टरमुळे ओळखला जातो.

पहिला महिना वैतागाचा गेला. हात ॲम्पच्या बेस-ट्रेबल नॉबांना सरावलेला, त्यामुळे आवाज बोथट वाटला की मी नॉब उघडायचो आणि मग सगळंच करकरीत व्हायचं. हळूहळू लक्षात आलं की पीक सोडला तर इथे काही वाढवायचं नसतं. वरचा आवाज कुठून गळू द्यायचा, एवढंच ठरवायचं. माझा फिल्टर साधारण २५० हर्ट्झपासून ६ किलोहर्ट्झपर्यंत फिरतो आणि उतार दर सप्तकाला १२ डेसिबलचा आहे. म्हणजे कट-ऑफ (जिथून आवाज गळायला लागतो ती जागा) १ किलोहर्ट्झला ठेवला की २ किलोहर्ट्झचा भाग जेमतेम पाव उरतो. जुन्या टोन नॉबचा उतार याच्या निम्मा, म्हणून तो पूर्ण बंद केला तरी आवाज नुसता मळकट व्हायचा.

खरी मजा पीकमध्ये आहे. ए तारेवर तिसऱ्या फ्रेटचा सी धरा, ६५ हर्ट्झचा. पीक चालू करून फिल्टर पूर्ण बंद ठेवा आणि स्वर वाजत असताना नॉब अगदी सावकाश उघडा. त्या सीला षड्ज मानलं, तर त्याच्यात दडलेले वरचे स्वर, म्हणजे हार्मोनिक्स, एकेक करून पुढे येतात: आधी २६२ला वरचा षड्ज उजळतो, मग ३२७ला गंधार, मग ३९२ला पंचम. जुळलेल्या तानपुऱ्याच्या खर्जातून गंधार आपसूक ऐकू येतो ना, तसा. पहिल्यांदा हे ऐकलं त्या रात्री मी तासभर तो एकच स्वर वाजवत बसलो होतो. पीक ७००-८०० हर्ट्झच्या आसपास ठेवला की फ्रेट असलेला बासही बिनफ्रेटच्या बाससारखा गायल्यासारखा बोलतो. बँडबरोबर वाजवताना माझा नॉब बहुतेक वेळा तिथेच असतो, कारण गिटार आणि झांजांच्या गर्दीत बासची ओळ तिथे ऐकू येते, आणि त्यासाठी ॲम्पचा आवाज वाढवावा लागत नाही.

एक गोष्ट मला उशिरा कळली. दोन्ही पिकअपचे फिल्टर फार वेगळ्या जागी ठेवून एकत्र वाजवले की कधीकधी मधला आवाज पोकळ होतो. कट-ऑफपाशी असा फिल्टर सिग्नलची फेज (लहरीच्या चढ-उताराची वेळ) ९० अंशांनी मागे नेतो, त्याच्या वर आणखी. त्यामुळे दोन सिग्नल काही ठिकाणी एकमेकांना खातात. मला तो पोकळपणा फक्त एका संथ गाण्यात हवा असतो. एरवी दोन्ही नॉब जवळपास सारखे.

त्रासही सांगतो. प्रीॲम्प ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि केबल जॅकमध्ये घातली की चालू होतो. एकदा रात्रभर केबल तशीच राहिली. आधीच अर्धमेली असलेली बॅटरी सकाळपर्यंत जवळजवळ संपली आणि तालमीत दुसऱ्या गाण्याला आवाज फाटायला लागला. बायपास (प्रीॲम्प वगळून आवाज थेट बाहेर नेणारी वाट) नसल्याने बास गप्पच झाला. आता केसमध्ये नवी बॅटरी कायम असते. पीक लावून जोरात स्लॅप केलं (अंगठ्याने तारेवर आपटून वाजवलं) की ९ व्होल्टवर आवाज चिरतो. माझा प्रीॲम्प १८ व्होल्ट सोसतो म्हणून दोन बॅटऱ्या लावल्या आणि चिरणं थांबलं, पण त्यासाठी मागची पोकळी कोरावी लागली. तुमच्या प्रीॲम्पची मर्यादा पाहिल्याशिवाय हे करू नका. फिल्टर पूर्ण उघडा असताना थोडी सळसळ ऐकू येते, बंद करत गेलं की तीही जाते.

तारा जुन्या असतील तर यातलं फारसं काही मिळणार नाही. तारेत हार्मोनिक्सच उरले नसतील तर पीक उचलणार काय? पूर्वी मी वर्षभर एकच संच वापरायचो, आता तीन महिन्यांत बदलतो.

पुढचं काम बायपास स्विचचं. त्यासाठी एका व्हॉल्यूमच्या जागी पुश-पुल पॉट (ओढला-दाबला की स्विचचंही काम करणारा नॉब) आणून ठेवला आहे, सोल्डरिंग तेवढं बाकी आहे.