पुण्यातलं ‘फुल डे पॅकेज’: आकडा सोडून बाकी सगळं वाचा

लग्नाच्या फोटोग्राफीच्या धंद्यात उतरायचं म्हटलं की पहिलं काम ठरलेलं: दहा स्टुडिओंचे दर गोळा करायचे, सरासरी काढायची आणि आपला दर पाच हजारांनी खाली ठेवायचा. पुण्यात हा हिशेब हमखास चुकतो. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या पॅकेजच्या पीडीएफमध्ये रक्कम सगळ्यात ठळक छापलेली असते, आणि बाजार समजून घ्यायला तीच सगळ्यात कमी उपयोगी. हे परीक्षण त्या पीडीएफचं आहे, ओळीओळीने.

आधी ती मिळवायची कशी? खोटं लग्न सांगून कोटेशन मागवू नका. पुण्यात हा धंदा लहान आहे, पुढच्या सीझनला त्याच माणसाच्या हाताखाली सेकंड कॅमेरा धरायची वेळ येऊ शकते. गेल्या दोन वर्षांत ज्यांच्या घरी खरंच कार्य झालं, त्या नातेवाइकांकडून आणि शेजाऱ्यांकडून पीडीएफ मागा. त्यांच्याकडे त्यासोबत आणखी एक गोष्ट मिळते: शेवटी प्रत्यक्षात किती पैसे गेले.

पहिली ओळ ‘फुल डे’. कुणाचा दिवस 8 तासांचा, कुणाचा 10, कुणाचा 12. दुपारी साडेबाराचा मुहूर्त असेल तर मेकअपचे फोटो सातला सुरू होतात आणि पाठवणी होईपर्यंत पाच वाजतात, म्हणजे 10 तास झालेच. संध्याकाळचं रिसेप्शन त्यात धरलंय का, हे बहुतेकदा लिहिलेलंच नसतं. सीमांतपूजन आदल्या संध्याकाळी असेल तर तो ‘हाफ डे’ वेगळा लागतो. तुलनेच्या तक्त्यात पॅकेजची रक्कम लिहूच नका. तिला माणसं गुणिले तास याने भागा आणि एका माणसाचा तासाचा दर लिहा. समजा 80 हजारांत 4 माणसं 10 तास आहेत, तर तो 2,000 होतो. 60 हजारांत 2 माणसं 10 तास असतील तर 3,000. स्वस्त दिसणारं पॅकेज महाग निघतं ते असं. अल्बम दोन्हीकडे सारखा असेल तरच ही तुलना खरी, हे मात्र विसरू नका.

दुसरी ओळ टीम. इथे पॅकेजची खरी परीक्षा अंतरपाटाशी होते. नवरानवरी समोरासमोर उभे, मध्ये पाट धरलेला. शेवटचं मंगलाष्टक संपतं, ‘सावधान’ होतं, पाट बाजूला सरकतो आणि दोन-तीन सेकंदांत दोघांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते येऊन जातं. एका बाजूला उभ्या असलेल्या कॅमेऱ्याला एकाचा चेहरा मिळतो आणि दुसऱ्याची पाठ. शिवाय अक्षता थेट लेन्सवर येतात, मामा-काकू मोबाइल उंचावून पुढे सरकलेले असतात. म्हणून किमान दोन स्टिल आणि एक व्हिडिओ, तेही जागा आधी ठरवून: एक जण मुलाच्या खांद्यामागून, दुसरा मुलीच्या, व्हिडिओ आडव्या कोनातून. ‘एक फोटोग्राफर, एक व्हिडिओग्राफर’ हे पॅकेज सप्तपदी आणि लाजाहोमाला चालून जातं, नेमकं अंतरपाटाला पडतं. ज्या पीडीएफमध्ये ‘कँडिड’ (नकळत क्षण टिपणारे) आणि ‘ट्रॅडिशनल’ (विधी आणि उभं करून फोटो काढणारे) वेगवेगळे मोजलेत तिला इथे पूर्ण गुण.

तिसरी गोष्ट पीडीएफमध्ये नसतेच: तारीख. दाते पंचांग उघडा आणि मुहूर्तांचे दिवस महिनावार मोजा. चातुर्मासात, म्हणजे आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत, मुख्य मुहूर्त नसतात. तुळशीच्या लग्नानंतर गर्दी सुरू होते. काढीव, म्हणजे गुरुजींकडून खास काढून घेतलेल्या मुहूर्तावरही लग्नं होतात, पण धंदा चालतो तो मोठ्या तारखांवर. त्या दिवशी डीपी रोडची लॉन्स, टिळक रोडच्या बाजूची कार्यालयं सगळी भरलेली आणि मुहूर्तही तासाभराच्या अंतराने. मागणी एवढी की स्टुडिओ फ्रीलान्सर बोलावतो. इन्स्टाग्रामवर ज्याचे फोटो बघून ऑर्डर दिली तो माणूस कार्यालयात दिसतच नाही, ही तक्रार इथूनच जन्मते. गूगलवरची पाच तारेवाली मतं सोडा, एक-दोन तारेवाली वाचा आणि त्यांतल्या तक्रारी तारखांशी जुळवून बघा. नवख्याला जागा आहे ती याच ठिकाणी: मोठ्या तारखेला तयार फ्रीलान्सर म्हणून आधी काम मिळतं, स्वतःच्या ऑर्डरी त्यानंतर.

अल्बमची ओळ सगळ्यात फसवी. 12×36 इंचाचा करिझ्मा (जाड पानांचा, छापील डिझाइनचा अल्बम) म्हणजे उघडल्यावर 36 इंच रुंद. एका शीटची दोन पानं होतात. कोणी ‘40 पानं’ लिहितो, कोणी ‘40 शीट’, आणि घरच्यांना दोन्ही सारखंच वाटतं. एका शीटवर पाच फोटो धरले तर पहिल्यात 100 फोटो बसतात, दुसऱ्यात 200. अल्बम छापणाऱ्या लॅबमध्ये जाऊन शीटचा दर, कागदाचा प्रकार आणि कव्हर-बॉक्सचा खर्च स्वतः विचारा, मग अल्बममध्ये स्टुडिओला काय उरतं ते कळेल. अल्बम रखडतो त्याचं कारण मात्र लॅबमध्ये क्वचितच असतं. अडीच हजार फोटोंची लिंक जाते, सिलेक्शन करायला घरात कोणाला वेळ नसतो, आणि शेवटचा हप्ता तिथेच अडकतो. ‘30 दिवसांत सिलेक्शन आलं नाही तर स्टुडिओ निवडेल’ ही अट ज्यांच्या पीडीएफमध्ये आहे, त्यांना धंदा कळलाय.

ड्रोनला ‘फ्री’ म्हणणाऱ्यांपासून सावध. लोहगावला हवाई दलाचा तळ, खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी (एनडीए). ड्रोनसाठीच्या सरकारी ‘डिजिटल स्काय’ नकाशावर कार्यालयाची जागा रेड झोनमध्ये असेल तर केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. प्री-वेडिंगसाठी शनिवारवाडा लिहिलेला असेल तर तेही विचारा, कारण ते केंद्रीय संरक्षित स्मारक आहे.

जीएसटी 18 टक्के वरून की धरून, हे पीडीएफच्या तळाशी बारीक अक्षरात शोधा. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर सहसा नोंदणी लागत नाही, त्यामुळे लहान स्टुडिओचा दर आपोआप खाली दिसतो.

फोटो इन्स्टाग्रामवर टाकायची परवानगी जवळपास कुठल्याच पीडीएफमध्ये धड लिहिलेली नसते. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंचा पहिला मालक पैसे देणारा असतो. म्हणजे ज्या पोर्टफोलिओवर पुढची ऑर्डर मिळवायची, तोच नवरीच्या बापाच्या मालकीचा. दोन ओळींची लेखी संमती अॅडव्हान्स घेतानाच सही करून घ्या. लग्नानंतर ती मिळवायला अल्बमपेक्षा जास्त खेपा होतात.