१८५० पूर्वीचं अमेरिकी घराणं: जनगणना की मृत्युपत्रं?

पूर्वज शोधताना जनगणना आधी उघडावीशी वाटते, कारण ती शोधायला सोपी. पण १७९० ते १८४० च्या याद्यांत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं. बाकी माणसं म्हणजे रकान्यातले आकडे. १७९० मध्ये तर गोऱ्या पुरुषांचे सोळाच्या वर-खाली असे दोनच गट, बायकांना वयच नाही. घरातला प्रत्येक आकडा मूल धरला की वंशावळ फसते: तो पुतण्या असेल, नाहीतर कामाचा गडी. व्हर्जिनियाची १७९० ची यादी तर उरलेलीच नाही. तिथे करयाद्यांवर भागवावं लागतं.

मृत्युपत्रांचं हस्ताक्षर किचकट, पण नातं लिहिलेलं असतं. ‘माझी मुलगी मेरी, जॉन अमक्याची बायको’ एवढ्या ओळीत सासरचं आडनाव मिळतं. थोरल्याला जमीन आधीच दिली असेल तर त्याचं नाव गायब, किंवा वाट्याला नावापुरता एक शिलिंग. म्हणून जमिनीची खरेदीखतंही बघायचीच. मृत्युपत्रातला ‘कझिन’ कित्येकदा पुतण्या किंवा भाचा निघतो. ‘ज्युनियर’ म्हणजे मुलगाच असं नाही, गावातला त्याच नावाचा धाकटा कोणीही. इंग्रजी वसाहतींत १७५२ पूर्वी वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे ‘१० फेब्रुवारी १७३१/३२’ (जुन्या मोजणीने १७३१, आजच्या मोजणीने १७३२) दिसलं तर दोन्ही आकडे तसेच उतरवा.

आमचा कौल मृत्युपत्रांना. जनगणना फक्त काउंटी (राज्यातला जिल्ह्यासारखा विभाग) ठरवण्यापुरती. मात्र ऱ्होड आयलंडमध्ये काउंटीत शोधू नका, मृत्युपत्रं आणि खरेदीखतं तिथे गावाच्या कचेरीत असतात.