कोळसा मोजायचा की धूर?

बॉयलरची एफिशियन्सी डायरेक्टने काढावी (वाफेला मिळालेली उष्णता भागिले जाळलेल्या कोळशातली उष्णता) की इनडायरेक्टने (धूर, ओलावा, राख यांतून गेलेले तोटे मोजून शंभरातून वजा), हा वाद वीजकेंद्रात, घाटावरच्या प्लांटवर असताना मला पुस्तकी वाटायचा. मग रत्नागिरी जिल्ह्यात किनाऱ्यावर नोकरी लागली. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. आणि कोळसा उघड्यावर.

पहिल्याच वर्षी मेमध्ये मी डायरेक्टने ८४ टक्के काढले होते. जुलैत तीच वही, तेच सूत्र, उत्तर ७०. टर्बाइन सायकलचा हीट रेट, म्हणजे एक युनिट विजेला लागणारी उष्णता, २००० किलोकॅलरी धरा. ८४ ने बॉयलर धरून सगळ्या संचाचा हीट रेट येतो २३८१, म्हणजे कोळशापासून विजेपर्यंत ३६ टक्के. ७० ने येतो २८५७, म्हणजे ३० टक्के. शिफ्ट इन्चार्जनी कागद बघितला आणि म्हणाले, "अरे, चौदा टक्के गेले कुठे? एवढी उष्णता चिमणीतून गेली असती तर आपण इथे उभे राहिलो असतो का?"

त्यांचं बरोबर होतं. फ्ल्यू गॅसचं, म्हणजे चिमणीकडे जाणाऱ्या धुराचं, तापमान २२ अंशांनी वाढलं की ढोबळमानाने एक टक्का जातो. त्या हिशोबाने तीनशे अंशांची वाढ दिसायला हवी होती. पॅनेलवर एअर प्रीहीटरनंतर (तिथे धुराच्या उष्णतेने आत येणारी हवा तापवतात) नेहमीचे १४०च होते.

घोळ कोळशात होता. बेल्टवरचा काटा ओला कोळसा मोजत होता आणि लॅबचा जीसीव्ही, म्हणजे किलोमागे मिळणारी उष्णता, होता हवेत वाळवलेल्या सॅम्पलचा. लॅब म्हणते ५०००, त्या सॅम्पलमध्ये ओलावा १० टक्के. बेल्टवरच्या कोळशात मात्र २५. म्हणजे ५००० ला ७५ ने गुणा, ९० ने भागा: ४१६७. मी पावसाचं पाणी कोळशाच्या भावाने जाळत होतो.

चूक माझीच, मान्य. पण ती सुधारल्यावरही डोकेदुखी गेली नाही, आणि माझा निर्णय खरं तर तिथे झाला. टोटल मॉइश्चरचं, म्हणजे कोळशातल्या एकूण ओलाव्याचं, सॅम्पल घ्यायचं कुठून? ढिगाच्या वरच्या थरातलं वेगळं, पोटातलं वेगळं. चूट (कोळसा खाली सोडणारी घसरण) जाम झाली की कोळसा तासभर अडकतो, मग धो-धो येतो. डब्याचं झाकण नीट लागलेलं नसेल तर लॅबमध्ये पोचेपर्यंत सॅम्पल थोडं सुकलेलं. वरच्या उदाहरणात ओलावा एका टक्क्याने चुकला की डायरेक्टचा आकडा एका टक्क्याहून जरा जास्तच हलतो. इनडायरेक्टमध्ये तीच चूक पाव टक्काही हलवत नाही. कारण उघड आहे: डायरेक्टमध्ये चूक सगळ्या ८४ वर बसते, इनडायरेक्टमध्ये फक्त तोट्यांवर.

त्याच जुलैचा हिशोब नंतर इनडायरेक्टने केला तर उत्तर ८४ च्या आसपास आलं. मेमधली खरी एफिशियन्सी ८६ होती; माझे तेव्हाचे ८४ त्याच घोळाने थोडे कमी आले होते. मधले दोन टक्के कुठे गेले तेही समोर दिसलं: कोळशातल्या ओलाव्याचा तोटा दीड टक्क्यावरून पावणेचारवर. (कोकणातली दमट हवा म्हणून जो दोष देतात, त्याचा हिशोब एकदा करून बघा. हवेतल्या ओलाव्याचा वाटा दशांश टक्क्यांत मोजण्याएवढा निघतो.)

इनडायरेक्ट फुकट मिळतं असं मात्र नाही. ऑक्सिजन एअर प्रीहीटरच्या आधी मोजलात की नंतर, हे लिहून ठेवलं नाही तर हवेच्या गळतीने आकडा बिघडतो. डक्टमध्ये एकाच जागी प्रोब घालून भागत नाही, पाच-सात ठिकाणी फिरवावा लागतो. फ्लाय ॲश आणि बॉटम ॲशमधला न जळलेला कार्बन लॅबकडून मिळवताना केमिस्टशी गोड बोलावं लागतं, तेही लोड तासन् तास स्थिर ठेवून. ब्लोडाउनचा (बॉयलरमधून मुद्दाम सोडलेल्या क्षारयुक्त पाण्याचा) तोटा यात येत नाही, तो वेगळा धरायचा. आणि कोळसा एकूण किती लागला, हे इनडायरेक्ट सांगतच नाही. मालकाला, हिशोबनिसाला तेच हवं असतं. तिथे डायरेक्टला पर्याय नाही.

उन्हाळ्यात, सुक्या कोळशावर, काटा नुकताच तपासलेला असेल तर डायरेक्ट वाईट नाही. तेल किंवा गॅसवरचा छोटा बॉयलर असेल तर मी म्हणेन, दुसऱ्या भानगडीत पडूच नका. तिथे इंधन मीटरमधून येतं, पावसाचा संबंध नाही. एएसएमई या अमेरिकन इंजिनिअर संस्थेची बॉयलर-चाचणीची नियमावली, पीटीसी ४, दोन्ही पद्धती देते, कल मात्र तोट्यांच्या हिशोबाकडे. आमच्यासारख्या उघड्या यार्डवाल्यांना तो कल पटायला एक आषाढ पुरतो.

आणखी एक. एफिशियन्सी पडली की पहिली शिवी बॉयलरला बसते, पण किनाऱ्यावर समुद्राचं पाणी तिशीला टेकलं की कंडेन्सरचं (टर्बाइनमधून आलेली वाफ थंड करून पाणी करतो तो) व्हॅक्यूम आपोआप ढिलं पडतं. तो तोटा टर्बाइनच्या हीट रेटमध्ये जातो. निव्वळ कोळसा आणि विजेच्या युनिट्सचा भागाकार केलात तर सगळं एका पोत्यात.

माझ्या वहीत अजून दोन्ही रकाने आहेत. जून ते सप्टेंबर डायरेक्टचा रकाना पेन्सिलने भरतो.