झोपाळ्याच्या तुळया गेल्या, 53,700 रुपये गेले, घरात आला रबरवूडचा टीपॉय

लाज वाटत होती म्हणून तीन महिने गप्प बसलो. आता लिहितोय, कारण मला फसवणाऱ्या त्या फर्निचरवाल्याचे व्हिडिओ अजून चालू आहेत आणि खाली लोक ‘किंमत सांगा’ म्हणून विचारतायत.

वाईचं आमचं घर गेल्या वर्षी उतरवलं. कडीपाटाचा माळा, ओटीवर झोपाळा. वाटणीत मी झोपाळ्याच्या दोन तुळया मागून घेतल्या. प्रत्येकी 11 फूट लांब, 8 इंच बाय 6 इंच, जुना साग. काका म्हणाले, “ने बाबा. उरलेल्या लाकडाचा मला एक पाट तेवढा करून आण.” टेम्पोला 4,500 रुपये मोजून तुळया पुण्याला आणल्या.

‘जुन्या वाड्यांच्या लाकडाचं फर्निचर’ करून देणारा हा गृहस्थ. नाव लिहीत नाही, प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी तोंड आवरायला सांगितलंय. चार फूट बाय दोन फूट टीपॉय, दीड इंच जाड फळी, लोखंडी पाय. 38,500 ठरले. माझी अट एकच होती: झोपाळ्याच्या कड्यांची दोन भोकं वरच्या फळीत दिसली पाहिजेत. 20,000 आगाऊ दिले. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, “जीएसटी लावला तर तुम्हालाच महाग पडेल, साहेब.” मला ते पटलं. हो, पटलं.

पुढचं तुम्हाला पाठ असेल. मिस्त्री गावाला गेलाय. पॉलिशवाला आजारी आहे. मग तुळईत खिळे निघाले, करवतीची पाती तुटली, 3,200 द्या. जुन्या लाकडात खिळे निघतात, पाती तुटतात, खोटं कुठे आहे? मग भेगा भरायला रेझिन, 7,500. तेही दिले. शेडवर येतो म्हटलं की फोटो यायचे. फोटो तुळईचेच होते, पण सगळे अख्ख्या तुळईचे. कापलेल्या लाकडाचा एकही नव्हता, हे मला आज दिसतंय.

एप्रिलमध्ये टीपॉय आला. आता जे लिहितोय ते लिहायलाच मी बसलोय.

आमच्या तुळईतलं भोक मी लहानपणापासून बघत आलोय. कडीचा गज हलून हलून ते लांबट झालं होतं, एका बाजूला जास्त. गंज लाकडात मुरून भोवती बोटभर रुंद काळा डाग पडलेला, कडेला विरत गेलेला. टीपॉयवरची भोकं गोल होती. दोन्ही अगदी सारखी, कडा धारदार, आजच ड्रिल मारल्यासारखी. मी एकात बोट घातलं, तर बोटाला काळं लागलं. ते बोट मी पँटला पुसलं आणि उरलेले 18,500 फोनवरून पाठवले.

खाली टेम्पोवाला हॉर्न मारत होता, वॉचमन गाडी काढा म्हणून ओरडत होता, घरभर पॉलिशचा वास. त्या वासात सागाचा वास आहे की नाही हे कुणाच्या बापाला कळलं असतं? पण बोटाचं काय? बोटाला काळं लागलंच होतं ना.

मी बँकेत सव्वीस वर्षं काढली. गोदामात जाऊन तारण ठेवलेली पोती मोजणारा माणूस मी. आणि मला एक हिशेब सुचला नाही. दोन तुळया मिळून 7.3 घनफूट होतात. 4 बाय 2 फुटांची दीड इंची फळी म्हणजे बरोबर 1 घनफूट. कापण्यात आणखी एक वाया गेलं समजा. बाकीचं लाकूड कुठे आहे? असा साग आमच्याकडे 4,000 रुपये घनफुटानं मागत होते, म्हणजे एकोणतीस हजारांचा माल मी स्वतः टेम्पोचं भाडं भरून त्याच्या दारात टाकून आलो. कामाला लाकूड देणार असाल तर उरलेलं किती परत मिळणार ते आधी लिहून घ्या. आणि प्रत्येक तुळईच्या टोकाची इंचभर चकती कापून घरी ठेवा, नंतर ताडून बघायला.

जुलैत टीपॉयखाली फरशीवर मैद्यासारखं पीठ दिसायला लागलं. पुसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा. सोसायटीत काम करणाऱ्या सुतारमामांनी टीपॉय उलटा केला, एक पाय सोडवला आणि खालून पटाशीनं खरवडलं. आत पांढरट लाकूड. “साहेब, हे रबरवूड, रबराच्या झाडाचं लाकूड. वर सागासारखा रंग मारलाय. जुन्या सागाच्या गाभ्याला असा भुंगा लागत नाही.” उलटा करून बघायला मला तीन महिने लागले, त्यांना पाच मिनिटं.

पोलीस ठाण्यात गेलो. “लाकूड तुम्हीच दिलंत ना? मग चोरी कसली? दिवाणी मॅटर आहे.” विश्वासानं सोपवलेला माल परस्पर गडप करणं हा न्याय संहितेच्या कलम 316 खाली गुन्हा आहे, मी कलम छापून नेलं होतं. साहेबांनी कागद उलटा ठेवून त्यावर चहाचा कप ठेवला. मग म्हणाले, शेड आमच्या हद्दीत नाही. हद्द कुठलीही असो, गुन्हा नोंदवून घ्यायचा असं कायदाच सांगतो. तेही बोललो, तर “वकील आहात का?” दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, पैसे जिथून पाठवले तिथे जा. चार फेऱ्या झाल्या आणि हातात काय, तर अर्जाच्या प्रतीवर एक शिक्का. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 ला, फोन केला, ते म्हणाले हा ऑनलाइन फ्रॉड नाही, तुम्ही राजीखुशीनं पैसे दिलेत. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदली गेली. तीन आठवड्यांनी मेसेज आला की समोरची पार्टी उत्तर देत नाही, आयोगात जा. उत्तर देत असती तर मी तुम्हाला कशाला फोन केला असता?

आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, तेवढं बरं. पण बिल नाही. व्हॉट्सअॅपवर ‘सागच आहे साहेब’ असं त्यानं लिहिलेलं होतं, ते त्यानं पुसलं. स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवा. लाकूड कुठलं याचा तज्ज्ञाचा दाखला लागेल म्हणाले. बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान आणि तंत्रज्ञान संस्थेत लाकूड ओळखून देतात, तिकडे तुकडा पाठवायचाय. म्हणजे हा भिकार टीपॉय पुरावा म्हणून जपायचा. दिवाणखान्यात, खाली वर्तमानपत्र पसरून.

काकांना अजून काही सांगितलेलं नाही. परवा त्यांचा फोन आला, दिवाळीला येतोय, पाटाचं काय झालं?

मी म्हटलं, मिस्त्री गावाला गेलाय.