लोहगाव ते कोथरूड, स्वतःच्या गाडीशिवाय: काही महिन्यांचा अनुभव

कामामुळे दिल्ली-बंगळुरूच्या फेऱ्या सुरूच असतात. गाडी नाही, आणि कोथरूडात पार्किंगसाठी शेजाऱ्यांशी भांडायची हौसही नाही. त्यामुळे पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून घरी यायचे सगळे प्रकार वापरून झालेत. सध्या माझं ठरलेलं असं: रात्री दहाच्या आत उतरले आणि एकच बॅग असली की रामवाडीपर्यंत रिक्षा, पुढे मेट्रो. एरवी कॅब, नाइलाजाने.

जुलै २०२४ मध्ये सुरू झालेलं नवं टर्मिनल ऐसपैस आहे, तक्रार नाही. पण ॲपवरची कॅब दारात येत नाही. ती एरोमॉलच्या, म्हणजे टर्मिनलजवळच्या बहुमजली इमारतीच्या, पार्किंगमध्ये गाठायची. तिथवर सामान ओढत जायचं, मग लिफ्टसमोर ताटकळायचं. म्हणून बॅगेच्या पट्ट्यापाशी उभं राहून कॅब बुक करू नका. तुम्ही वर पोचेपर्यंत ड्रायव्हरचे दोन फोन येतात आणि तिसऱ्याला तो कॅन्सल करतो.

कॅबमध्ये बसल्यावर दुसरा अंक. "मॅडम, ॲपवरचं भाडं नाही, मीटरप्रमाणे होईल." गाडीत मीटर कुठेच नसतो. तो मोबाइलवर एक वेबसाइट उघडतो, किलोमीटर टाकतो आणि आकडा दाखवतो. त्यांचंही अगदीच चुकीचं नाही, ॲपच्या भाड्यात त्यांना परवडत नाही म्हणतात. पण मग ॲपवर आकडा दाखवताच कशाला? आता मी बसण्याआधीच विचारते. पटलं तर बसायचं, नाहीतर पुढची गाडी.

मेट्रोचं म्हणाल तर खरी कटकट पहिल्या चार-पाच किलोमीटरची आहे. मेट्रो विमानतळापर्यंत येत नाही, रामवाडीला थांबते. विमानतळावरून मेट्रो स्टेशनला सोडणारी फीडर बस समोर उभी असेल तर बेशक बसा, तिची वाट बघत मात्र मी थांबत नाही. बाहेर रस्त्यावर आलं की रिक्षा मिळते. पहिल्या दीड किलोमीटरला २५ आणि पुढे किलोमीटरला १७ या दराने ८०-९० रुपयांत काम व्हायला हवं. "दोनशे द्या" म्हणणारे भेटतातच. मीटर टाकणारा भेटेपर्यंत विचारत राहायचं, पुण्यात राहतो म्हणजे एवढी चिकाटी असतेच.

रामवाडीला मात्र जीव भांड्यात पडतो. शेवटचं स्टेशन असल्याने गाडी रिकामी, हवी ती जागा, बॅग पायापाशी. दुसऱ्या टोकाला, कोथरूडच्या बाजूच्या वनाझपर्यंत तिकीट ३० रुपये. संध्याकाळी सातला येरवड्याजवळ खाली नगर रस्त्यावर लाल दिव्यांची रांग लागलेली असते आणि आपण वरून सरळ निघून जातो. हे सुख कॅबवाल्याला कितीही पैसे दिले तरी मिळत नाही. सिव्हिल कोर्टला गर्दी आत घुसते, तेव्हा बॅग सांभाळा. स्वारगेटला जाणाऱ्यांना तिथेच गाडी बदलावी लागते. खालचं भुयारी स्टेशन जमिनीखाली जवळपास ३३ मीटरवर आहे, तेव्हा दोन मोठ्या बॅगा असतील तर सरकते जिने सोडून लिफ्ट शोधा. मी नळ स्टॉपला उतरते आणि पुढे शेअर रिक्षा नाही मिळाली तर चालत.

पीएमपीच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, एसी ई-बसही विमानतळावरून सुटतात. हिंजवडीकडे जाणारे माझे सहकारी त्यावर खूश आहेत. मला त्या आडवाटेच्या पडतात.

मेट्रो आता रात्री ११ पर्यंत असते, पण विमान उशिरा येतंय असं दिसलं की मी त्या नादाला लागत नाही. मध्यरात्रीनंतर रिक्षालाही जादा दर लागतो आणि रस्ते मोकळे असतात, तेव्हा कॅबच बरी. आई-बाबा सोबत असले तर दिवसासुद्धा कॅबच. एरोमॉलपर्यंतची पायपीट बाबांना जमत नाही, म्हणून आधी व्हीलचेअर सांगून ठेवते. ती विमानाच्या तिकिटासोबतच, एअरलाइनकडे मागायची असते.